मिरचीवरची वाढीव मूठ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या बहिणीचे, जमुनाचे. मी तिला बाई म्हणतो. तोरणमाळच्या पायथ्याला आमचं गाव. दर दिवाळीनंतर बाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत जायची. त्या कमाईवर मी नाशिकला इंजिनीअरिंग शिकलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. यंदा माझी नोकरी पर्मनंट झाली तर तिने जायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. टोळीचा मुकादम होकारासाठी घाई करत होता आणि बाईने त्याला कसंबसं थांबवून ठेवलं होतं. नेमका तेव्हाच नंदुरबारहून शेठचा फोन आला.

शेठ मिरचीचे व्यापारी. त्यांचं ऑनलाइन दुकान आमच्या कंपनीने बनवलेलं. त्यातला डिस्काउंटचा भाग माझा.

"पहिलं तो सेल बंद कर," शेठ म्हणाले. "गिऱ्हाइकं इचारी ऱ्हायनात, 'शेठ, मांगला सालनी मिरची इकी ऱ्हायना का?'"

चूक माझ्या लक्षात आली. दसऱ्यानंतर नंदुरबारच्या बाजारात नवी मिरची येते. अशा वेळी कोणी भाव पाडला की लोक समजतात, माल जुना आहे. आणि आम्ही नेमकी दसऱ्यालाच दहा टक्के सूट लावली होती. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी ऑर्डरी थांबवल्या.

"मग काय देऊ या, शेठ?"

"दुकानात देतस तेच. भाव तोच, वरतून मूठभर जास्त. तुन्हा कॉम्प्युटरले हात शेत का?"

हात नव्हते. माझं काम होतं एक लायब्ररी. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच, जो कुठल्याही ऑनलाइन दुकानात बसवता येतो. माझ्या लायब्ररीत दुकानदार स्वतः नियम मांडू शकतो: ही अट पूर्ण झाली, तर ही सूट. चेकआउटला, म्हणजे पैसे भरण्याच्या पानावर, ते नियम एकेक करून तपासले जातात. पण प्रत्येक नियमाचं उत्तर एकच असायचं, किती रुपये कमी करायचे.

मी आमच्या टीम लीड पल्लवी मॅडमना हे सांगितलं.

"अरे, क्लायंटसमोर तूच लायब्ररीला फ्लेक्सिबल म्हणत होतास ना?"

"मॅडम, ती पैसे कमी करते. वस्तू वाढवणं तिला येत नाही."

"मग शिकव. शेठ सोडून गेले तर तुझ्या पर्मनंटच्या रिव्ह्यूत मी काय लिहू?"

मी बस पकडून नंदुरबारला गेलो आणि शेठच्या पेढीवर लॅपटॉप उघडून बसलो. नियमाचं उत्तर म्हणून आता आकड्याऐवजी एक कृती ठेवली. रक्कम कमी कर, किंवा शून्य किमतीचं पाकीट टाक. कोड तसा सोपा होता. दुपारी शेठना दाखवायला मी पाच किलो मिरचीची ऑर्डर भरली. एक लहान पाकीट फुकट पडलं. शेठ खूश झाले. मग दुसरं पडलं. मग तिसरं. मग स्क्रीनवर नुसती पाकिटंच पाकिटं.

"अरे थांब रे भाऊ! मन्हं गोडाऊन खाली करी टाकशी!"

मी घाईने लॅपटॉप बंद केला. कारण शोधायला वेळ लागला नाही. कार्टमध्ये, म्हणजे खरेदीच्या टोपलीत, काही बदललं की सगळे नियम पुन्हा तपासले जातात. पाकीट पडलं की कार्ट बदलायचं. नियम पुन्हा चालायचा आणि आणखी एक पाकीट टाकायचा.

"शेठ, तुम्ही मूठ कधी टाकता?"

"माल तोलाई जास, पैसा सांगाई जातस, मंग. मूठ कोणी तोलस का?"

मी लायब्ररीचे तीन टप्पे केले. आधी वजन, मग हिशेब, शेवटी मूठ. शेवटच्या टप्प्यात टाकलेली वस्तू पहिल्या दोन टप्प्यांना दिसतच नाही. पुन्हा पाच किलोची ऑर्डर भरली. एकच पाकीट पडलं. शेठ तरीही बराच वेळ स्क्रीनकडे संशयाने बघत राहिले.

सेलची पाटी काढली. भाव पूर्ववत केला. ऑर्डरी हळूहळू परत आल्या. पण मॅडमचं समाधान झालं ते वेगळ्याच गोष्टीने. आमच्या दुसऱ्या एका क्लायंटला साडीवर ब्लाउजपीस फुकट द्यायचा होता. त्यांनी तो नियम स्वतःच मांडला आणि मला कोडची एक ओळही बदलावी लागली नाही. "आता म्हण फ्लेक्सिबल," असं म्हणून मॅडमनी रिव्ह्यूवर सही केली.

या कामातून मी एवढंच शिकलो की सूट म्हणजे वजाबाकी, हे गृहीत धरायचं नाही. आधी बाजार कुठला ते विचारायचं.

गावात रेंज क्वचितच मिळते. म्हणून शहाद्याच्या बसवाल्याबरोबर, तिथून वर आमच्या गावाकडे जाणाऱ्या जीपवाल्याकडे चिठ्ठी पाठवली. बाई चौथीपर्यंत शिकलेली आहे, सावकाश वाचते, म्हणून अक्षरं मोठी काढली.

"बाई,
माझी नोकरी पक्की झाली. कागद हातात आला आहे. मुकादमाला नाही म्हणून सांग. तो चिडेल, चिडू दे. मी दिवाळीला येतो आहे. तुझ्या कोयत्याला गिऱ्हाईक बघू नकोस, घरी लाकडं तोडायला लागेल. टोळीचा ट्रक निघेल त्या दिवशी आपण दोघं रस्त्यावर जाऊ. इतकी वर्षं तू ट्रकमधून हात हलवायचीस. या वेळी खालून हलव.
तुझा भाऊ"