अर्ध्या कोर्टावरून

शहराचा आत्मा त्याच्या मैदानावर दिसतो, असं भिवंडीच्या पहिल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणाले होते. संघ एक हंगाम टिकला.

त्यातला एक खेळाडू आता काल्हेरच्या गोदामात काम करतो. माझ्या टपरीच्या पत्र्याखाली वाकून तो रोज चहाला येतो आणि ग्लास बोटांच्या टोकांवर तोलून धरतो. नाव मी कधी विचारलं नाही. संघासाठी त्यानं नारपोलीतली कापडाच्या लूमवरची ड्युटी सोडली होती. मालकानं परत घेतलं नाही.

एकदा त्यानं विचारलं, "काका, आमची मॅच बघितलीत कधी?"

मी एकही पाहिली नव्हती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणालो, "शेवटची पाहिली."

"मग मी अर्ध्या कोर्टावरून मारलेला बॉल बघितला असंल. आत गेला ना?"

"गेला की. सुंदर गेला."

तो ग्लास फिरवत राहिला. "लाइट गेलेली, काका. बॉल हातातून सुटला नि हॉलमध्ये अंधार. आत गेला का, कुणालाच दिसलं न्हाय."

शुक्रवारी लूम बंद, म्हणजे प्रेक्षक येतील, असा आयोजकांचा अंदाज होता. लूम बंद म्हणून दुरुस्तीसाठी वीजही शुक्रवारीच बंद ठेवतात. संघाचे सगळे सामने शुक्रवारी होते.