न भाजलेला वाफा

जुन्नरला आमच्या कॉलनीत एक मोकळा प्लॉट होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला तिथं पोरांकडून भाजीची बाग करून घ्यायचं ठरलं आणि ती माझ्या गळ्यात पडली. का, तर माझं माहेर राजुरीचं, मला शेतीतलं कळतं. कचेरीतून सहाला यायचं, आधी बागेला पाणी, मग घरच्या भाकरी. पहिल्या रविवारी वीसेक पोरं कुदळी घेऊन आली. नव्याचे नऊ दिवस. मग क्रिकेट, मग टीव्ही. "काकू, पुढच्या रविवारी नक्की," एवढं म्हणायला मात्र कुणी विसरायचं नाही.

टिकली एकच मुलगी. तळेघरकडच्या डोंगरातली, दहावीची परीक्षा देऊन समोरच्या घरी मावशीकडे आलेली. जूनपासून तिला इथं कॉलेजला जायचं होतं, पण आईचं मन तयार नव्हतं. दसऱ्याला येऊन बघते, पोर रुळली नसली तर घेऊन जाते, असं आईनं मावशीला बजावलं होतं. पोरीला तर काही करून शिकायचं होतं.

"काकू, आमच्या नाचणीचा एक वाफा करू का? आईला दावता यील."

म्हटलं, कर बाई. एकीचे तरी हात लागतायत.

वैशाखात एका संध्याकाळी आले तर बागेतून धूर, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरून बायकांचा आरडाओरडा. हिनं वाफ्यावर शेण नि पालापाचोळा पसरून पेटवून दिला होता. माझं डोकं आधीच उठलेलं. दोन बादल्या पाणी ओतलं आणि तिला चांगली झापली.

ती हळूच म्हणाली, "राब हाये, काकू. भाजल्याबिगर तणाचं बी मरत न्हाई."

"आमच्या राजुरीत कुणी माती भाजत नाही. मला शिकवू नकोस."

ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही. पाऊस झाल्यावर त्याच अर्धवट भाजलेल्या वाफ्यात तिनं नाचणी पेरली.

आषाढात ती भाताच्या लावणीला आठ दिवस घरी गेली. इकडे वाफ्यात रान माजलं. ती यायच्या आत उरकावं म्हणून मी कंबर मोडेस्तोवर खुरपलं. जोमदार, गडद ते पीक; फिकट, किडकिडीत ते तण. बाजरीत वाढलेली मी, मला एवढं कळत नाही होय? ती आली, वाफ्याजवळ जरा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "बरं झालं काकू, तुमी खुरपलं. दमला असाल." पुढं पावसानं ओढ दिली तेव्हा पाणीही घालत राहिली.

दसऱ्याला आई आली, निम्मी वाट चालत, निम्मी एसटीनं. मीच मोठ्या तोऱ्यात तिला वाफा दाखवायला नेलं. तुरे आले होते. आईनं वाकून एक तुरा बोटांत चुरडला.

"हे गवत कशापायी राखलं गं?"

पोरगी चटकन म्हणाली, "माझ्याकडनं झालं. वळखू आलं न्हाई."

"नाचणी वळखंना तुला? चार म्हयन्यात?" आई मावशीच्या घराकडे वळली. "चल, पिशवी भर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाचणी उपटून गवत मीच राखलं होतं, आणि या पोरीला ते आषाढापासून ठाऊक होतं. माझा मान राहावा म्हणून ती गवताला पाणी घालत होती, आणि त्यापायी आता तिचं कॉलेज सुटत होतं. मी आईला थांबवलं आणि बादल्यांपासून सगळं सांगितलं. कॉलनीतल्या दोघीतिघी उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकू देत म्हटलं.

आईनं तुरा टाकून हात लुगड्याला पुसले.

"पुढल्या साली तिला भाजू द्या," म्हणाली.

पुढच्या वैशाखात कचेरीतून आले तेव्हा पाय भरून आले होते. तशीच घरोघर फिरले आणि दोरीवरचे कपडे आत घ्यायला सांगितलं.