नानांच्या गाण्यावरचा नाच

सरळ प्रश्नाला गाण्यात उत्तर देणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि तो पिंप्राळ्यात आमच्या समोर राहतो. "नाना, कसं काय?" म्हटलं की नाना स्कूटर स्टँडला लावतात, घसा खाकरतात आणि स्वतः रचलेल्या दोन अहिराणी ओळी म्हणतात. त्यात कधी मोहोर गळालेला आंबा असतो, कधी कोरडी विहीर. तब्येत बरी नाही, एवढं आपण समजायचं. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून हे सुरू झालं. पण ओळी अशा सुरेख की दुधाची पिशवी हातात घेऊन आपण उभेच राहतो आणि घरी चहा खोळंबतो.

स्वतःवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना विचारतात, "जमनं का? का नुसता भुसा शे?" छान आहे म्हणावं, तर लगेच संशय: "मन राखाले बोली ऱ्हायना तू."

त्यांचं एक गाणं फैजपूरच्या एका गायकाने उचललं.

"एक भाकर थापी, तीबी अर्धी उरनी,
कोन पुसस माले, जेवना का म्हनी?"

जेवलास का, असं मला विचारणारं आहे कोण? गायकाने याला हळदीत नाचायचा ठेका लावला आणि केळीच्या बागेत व्हिडिओ काढला. काळा गॉगल, भोवती चार नटलेल्या पोरी. नानांनी तो माझ्या मोबाइलवर पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "इतल्या चार जनी शेतस, मंग त्याले कोनी पुसत कसं नही?"

गाणं तुफान चाललं. माझ्या भाचीच्या हळदीला मी नानांना धुळ्याला, देवपुरात घेऊन गेलो, तर डीजेवर तेच. "जेवना का म्हनी" आलं की सगळा मांडव हात वर करून "हौऽ" ओरडायचा. नाना खुर्चीत आक्रसले. "शबद कोनी ऐकत नही, भाऊ. आते लिखनं बंद." या माणसाने लिहिणं सोडलं तर तो बोलणार कशाने?

तेवढ्यात लाइट गेली आणि डीजे गप्प झाला. पण हळदीच्या बाया थोड्याच थांबतात! त्यांनी टाळ्यांवर तेच गाणं पुढे चालवलं, जात्यावरच्या ओवीसारखं संथ. भाकरीची ओळ पुन्हा आली तेव्हा टाळ्या विरत गेल्या. भाचीची आजी, माझ्या बहिणीची सासू, हळदीने माखलेले हात तसेच धरून म्हणाली, "हाई गानं कोनं शे वं? त्या मानूसले कोनी जेवाडं का नही?"

मी नानांकडे बोट दाखवलं. ती तरातरा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "जेवनात का, भाऊ?"

नानांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता दोन ओळी येणार. पण ते नुसतं "नही" म्हणाले.

ताटात वरण-बट्टी आली. लाइटही आली, गाणं पुन्हा दणाणलं, मांडव पुन्हा "हौऽ" ओरडला. आजी शेजारी उभी राहून तूप वाढत होती आणि नाना मान खाली घालून जेवत होते.

नाना अजून लिहितात, अजून सगळ्यांना "जमनं का?" विचारतात. पण त्यांचं बिनचालीचं उत्तर मी आजवर तेवढं एकच ऐकलं.