वैनगंगेच्या काठी, गाणं ऐकायला

आमच्या घरी पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत सुधाकर विचारतो, "नदीवरचा तो म्हशींचा किस्सा सांगितला का यांना?" मी म्हणते, सांगितला. तरी तो सांगतोच! मग एकातून दुसरा आठवतो आणि चहा परत टाकावा लागतो. दर वर्षी तीच माणसं एकाच गाडीत कोंबून एकाच ठिकाणी नेली, की असे किस्से साठणारच.

सुधाकर म्हणजे माझा नवरा. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनवर आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. दर हिवाळ्यात वैनगंगेच्या काठी एका गावात दोन दिवस गाण्याबजावण्याचा महोत्सव असतो. वाळूवर मंडप, पाण्याकडे पाठ करून स्टेज, समोर सतरंज्या. सकाळी सुरू होतो आणि ऊन उतरायच्या आत संपतो, कारण चहूकडे जंगल आहे आणि अंधारात तिथे आपलं काही काम नसतं.

आम्ही पाच जण जातो. आम्ही दोघं, शेजारच्या क्वार्टरमधले देवरावभाऊ आणि त्यांच्या मिसेस कुंदाबाई, आणि माजरीचा प्रकाश. प्रकाश कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. गाण्यातलं आपल्याला काही समजत नाही, हे तो स्वतःच सांगतो. पण गाडी त्याची आहे.

*

पहिल्या वर्षीची गोष्ट. सकाळचं सत्र होतं. एका मोठ्या गायकांनी आलाप सुरू केला. एक स्वर घ्यायचा, त्याला गोंजारायचं, सोडायचं, परत घ्यायचा. मंडप एकदम शांत. नदीवरून थंड वारा येत होता.

प्रकाशनं बराच वेळ धीर धरला. मग तो माझ्याकडे झुकला. कुजबुजायचं म्हणूनच झुकला होता, पण खाणीत जन्म काढलेल्या माणसाला कुजबुजणं काय माहीत!

"वहिनी, या बुवायचं माईक टेस्टिंग कवा संपते?"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मी मान खाली घातली. गायक थांबले, हसले आणि म्हणाले, "झालंच दादा, आता निघतोच."

थोड्या वेळानं तबला आला. प्रकाशनं मांडीवर थाप मारली. "हां! आता पडला गेअर!"

तबलजींनी तिथूनच त्याला सलाम केला.

*

सुधाकर एका वर्षी नाईट करून थेट गाडीत बसला. मंडपात आल्यावर त्यानं मांडी घातली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. टर्बाइनवाल्यांना बसल्या बसल्या झोपायची सवय असते की काय, मला माहीत नाही. याला आहे. वरून मान हलत होती, तीही नेमकी ठेक्यात!

ठुमरी संपल्यावर गायिका बाई माईकवर म्हणाल्या, "त्या निळ्या स्वेटरवाल्या दादांकडे बघा. असं डोळे मिटून, आत उतरून ऐकणारे श्रोते आता कुठे राहिले?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजानं सुधाकर जागा झाला आणि त्यानंही वाजवल्या.

दुपारी जेवणाच्या रांगेत बाईंची शिष्या आदरानं जवळ आली. "दादा, आपण कोणाकडे शिकलात?"

"कोणाकडे नाई जी," सुधाकर म्हणाला. "नाईट करून आलो."

*

आता म्हशी.

दुपारचं बासरीवादन होतं. नदीच्या मधोमध वाळूचा पट्टा आहे, त्याच्यापलीकडच्या उथळ पाण्यात एका गुराख्याच्या म्हशी होत्या. कार्यक्रम सुरू होण्याआधी तो त्यांच्यामागे ओरडत, शिव्या देत नुसता पळत होता. बासरी सुरू झाली आणि तिकडचा आवाज बंद पडला. आमच्या ते लक्षातही आलं नाही.

अर्ध्या तासानं बासरीवाले पाणी प्यायला थांबले. पलीकडून हाक आली.

"ओ बासरीवाले भाऊऽऽ! काऊन थांबले? म्हशी उठून राह्यल्या नाऽऽ!"

सगळा मंडप वळून बघायला लागला. खरंच, पाण्यात पसरलेल्या म्हशी एकेक करून उठत होत्या आणि गुराखी दुपट्टा हलवून आमच्याकडे खुणा करत होता.

बासरीवाल्यांनी ग्लास खाली ठेवला आणि तबलजींना म्हणाले, "चला, फर्माईश आहे."

दुसऱ्या दिवशी पेपरात 'रसिक मंत्रमुग्ध' असं छापून आलं. म्हशींचा त्यात उल्लेख नव्हता!

*

एकदा भर कार्यक्रमात जनरेटर बंद पडला. माईक गेले, स्पीकर गेले. आयोजकांमधला एक जण घामाघूम होऊन आमच्याकडे धावत आला. आम्ही ऊर्जानगरचे आहोत हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"साहेब, तुम्ही तर वीज केंद्रातले! काही तरी करा ना!"

सुधाकर म्हणाला, "भाऊ, आम्ही फक्त बनवतो. वाटत नाई."

शेवटी प्रकाश उठला, जनरेटरपाशी गेला, झाकण उघडून आत डोकावला आणि तिथूनच ओरडला, "डिझेल टाका ना बे!"

*

पुण्याहून आलेल्या एका गवयांचा किस्सा मी शाळेतही सांगते.

दुपारी वनरक्षक आला आणि निवेदकाच्या कानात काही बोलला. निवेदकानं माईक घेतला. आवाजात जराही फरक नाही, कलाकाराची ओळख करून द्यावी तसं म्हणाला, "रसिकहो, पार्किंगच्या वाटेवर वाघाची ताजी पावलं दिसली आहेत. घाबरण्याचं कारण नाही. वनविभागाच्या गाड्या येईपर्यंत कृपया कोणीही मंडप सोडू नये. लघुशंकेलाही एकट्यानं जाऊ नये."

पुण्याचे गवई तेव्हा गावात जेवत होते. त्यांना गावच्या बाजूनं आणलं आणि स्टेजवर बसवलं. या गडबडीत त्यांना सांगायचं राहून गेलं.

आता हे गवई मोठे, पण गाणं फार सावकाश. एरवी दुपारच्या त्या वेळेला अर्धा मंडप चहाला उठतो. त्या दिवशी एक माणूस हलला नाही! लहान पोरं आयांच्या मांडीवर गप्प. लोक एकमेकांना खेटून बसलेले. प्रत्येक समेला सगळे एकदम "वा!" म्हणत होते, कारण गप्प बसलं की झाडीतली चाहूल ऐकू यायची.

गाणं संपलं तेव्हा गवयांचे डोळे भरले होते. "मी पुष्कळ ठिकाणी गायलो. पण अख्ख्या मैफिलीत एकही श्रोता जागचा उठला नाही, असं आमच्या पुण्यातही कधी झालं नाही."

प्रकाश म्हणाला, "वहिनी, सांगू का त्यायले?"

"गप बस!"

मग वनविभागाच्या गाड्या आल्या. एक पुढे, एक मागे आणि मधे आमच्या सगळ्यांच्या गाड्या. पहिलीच गाडी गवयांची होती. वाटेत त्यांनी ड्रायव्हरला म्हटलं म्हणे, "अहो, एवढा मान कशाला!"

*

चपलांचं थोडक्यात सांगते. त्या वर्षी मंडप पाण्याला फारच लागून होता. चपला सतरंजीच्या कडेला, म्हणजे पाण्याच्या बाजूला. वरच्या अंगाला कुठेतरी पाणी सोडलं असावं. नदी हळूहळू चढली आणि चपला एकेक करून निघाल्या. दिसत सगळ्यांना होतं. पण तराणा असा रंगला होता की उठायची लाज वाटत होती. आपली गेली तर गेली!

खाली थोड्या अंतरावर दोघं ढिवर भाऊ जाळं लावून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर आम्ही अनवाणी तिथे पोचलो. वाळूवर ओल्या चपलांचा ढीग. मोठा भाऊ बिडी ओढत म्हणाला, "घ्या जी, ओळखून घ्या. माल ताजा आहे."

सुधाकरला ढिगात दोन मिळाल्या, दोन्ही डाव्या पायाच्या. ऊर्जानगरच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं त्याच्याकडे बघत विचारलं, "साहेब, आज चाल काऊन वेगळी वाटून राह्यली?"

*

देवरावभाऊ आणि कुंदाबाईंचं मी अजून काही सांगितलं नाही.

देवरावभाऊंची सगळी नोकरी बॉयलरवर गेली. त्या धडधडाटात कान गेले. मशीन लावतात, पण त्यात सगळे आवाज एकसारखे येतात म्हणतात. त्यांना स्पष्ट ऐकू यायचा तो एकच आवाज, कुंदाबाईंचा. कुंदाबाई कॉलनीच्या मंदिरात भजन म्हणायच्या. आवाज असा खणखणीत, की त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली तर देवरावभाऊंच्या आधी मी दार उघडायची!

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. आता बोलतात ते फक्त श्वासासारखं येतं. आम्हालाही जवळ जाऊन ऐकावं लागतं. देवरावभाऊंना तर काहीच कळत नाही. घरात दोघंच. त्या बोलायच्या, ते मान हलवायचे. पुढे पुढे कुंदाबाईंनी बोलणंच सोडलं. "जेवण झालं का" हेसुद्धा हातानं विचारायच्या. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसलेली दिसत, दोघांची तोंडं रस्त्याकडे.

मागच्या हिवाळ्यात कुंदाबाई यायला तयार नव्हत्या. "गाणं आयकून काय करू वं आता?" असं त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. मी ओढतच नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमलकशाच्याही पलीकडच्या एका गावातून माडिया आदिवासी बायका आल्या होत्या, रेला, म्हणजे त्यांचं फेर धरून म्हणायचं गाणं, गायला. एकमेकींच्या कमरेत हात घालून त्यांनी गोल केला, तोंडं आतल्या बाजूला. साउंडवाल्याची पंचाईत झाली. माईक धरायचा कुठे?

"बाई, इकडे तोंड करा ना, लोकांकडे!"

त्यांच्यासोबत आलेल्या गुरुजींनी गोंडीत विचारलं. एका म्हाताऱ्या बाईनं उत्तर दिलं. गुरुजी हसले. "त्या म्हणतात, लोकायकडे पाहून काय गायचं? लोकायले गाणं कुठी येते?"

साउंडवाल्यानं माईक ठेवून दिला.

बायका स्टेजवरून उतरून वाळूत आल्या आणि फिरायला लागल्या. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. पाय एकदम पडत होते. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर ती म्हातारी आमच्यासमोर आली, काही न विचारता तिनं कुंदाबाईंचा हात धरला आणि त्यांना गोलात घेतलं. कुंदाबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. घाबरल्या होत्या. मी उठणार होते, पण तोवर गोल मिटला आणि फिरत पुढे गेला.

त्यांची फक्त पाठ दिसायची, हिरवी साडी. गोल फिरून समोर आला की क्षणभर पलीकडून चेहरा दिसायचा. पाय आधी चुकत होते, मग जमले. गाण्यात इतके आवाज होते की कोणता कोणाचा, काही कळत नव्हतं.

देवरावभाऊ माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. मला वाटलं, त्रास होत असेल. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"मॅडम," ते म्हणाले, "कुंदाचा आवाज येऊन राह्यला."

मी कान देऊन ऐकलं. मला तर येत नव्हता.

"आयका ना. बाकीच्यायच्या मधातला. तोच आहे."

गाणं संपेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. कुंदाबाई परत आल्या तेव्हा कपाळावर घाम होता आणि साडीला वाळू लागली होती. देवरावभाऊंनी आपला रुमाल पुढे केला. कुंदाबाईंनी तोंड पुसलं आणि त्यांच्या बाजूला बसल्या.

परत येताना देवरावभाऊ पुढे प्रकाशजवळ बसले. आम्ही तिघं मागे. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं तेव्हा मी कुंदाबाईंच्या कानाशी गेले.

"बाई, गायलात ना तुम्ही आज?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, त्या श्वासाच्या आवाजात म्हणाल्या, "नाई वं. मले कुठी येते ते गाणं? मी नुसते ओठ हलवून राह्यली होती."

पुढच्या सीटवर देवरावभाऊ डोळे मिटून डॅशबोर्डवर बोटं आपटत होते आणि तीच रेलाची ओळ गुणगुणत होते. प्रकाशनं हात लांब करून गाडीत लावलेलं गाणं बंद केलं.