बालदीतलं थंड पाणी

आधीच सांगते मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. माझं कामच जमिनीखालच्या पाण्याचं... तिथे जे घडतं त्याला कारण असतंच, असं मी विद्यार्थ्यांना ठणकावून सांगते. तरीही हे लिहितेय, कारण तो मे महिना काही डोक्यातून जात नाही.

त्याआधीचा उन्हाळा मी आर्क्टिकमध्ये एका संशोधन कॅम्पवर काढला होता. तिथली जमीन गोठलेली असते तोवर वरचं पाणी वर आणि खालचं खाली. आता ऊब वाढलीय, जमीन वितळतेय, आणि दोन्ही पाण्यांना एकमेकांची वाट सापडतेय. आमच्या तंबूसमोरचं तळं असंच जमिनीत उतरून गेलं. त्याआधी शेजारच्या झऱ्याला एक वास सुटला होता — कुजलेल्या शेवाळाचा, जुनाट. आणि पाणी इतकं गार की बोटं बधिर व्हायची.

आमचं घर डिचोली तालुक्यात, सुर्ला गावात. घरामागे विहीर, आणि पलीकडच्या चढावर बंद लोहखाणीचा खड्डा, पावसाच्या पाण्याने भरलेला. पावसाळ्याआधी विहीर उपसून गाळ काढायचा हे दरवर्षीचं. घरची रीत अशी की, खाली उतरलेला माणूस झरा मोकळा झाल्याशिवाय वर येत नाही. त्या दिवशी दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, उतरला होता. आई आणि मी वरून दोर ओढत होतो. ऊन नुसतं भाजत होतं.

एक बालदी वर आली. गाळ काढायला हात घातला आणि किंचाळलेच. बर्फासारखं गार! आणि तोच वास...

आईने हात बुडवला. "थंड खंय गो? कोमट आसा."

माझ्या नजरेसमोर आर्क्टिकमधलं ते नाहीसं झालेलं तळं आलं. मी विहिरीत वाकून ओरडले, "दादा, वर ये! आत्ताच्या आत्ता!"

"खुळी झालंस काय गो? झरो दिसल्याबिगर मी येवचंय नाय!"

त्याला काय सांगणार? आर्क्टिकचा वास आला म्हणून? मग तोंडाला येईल ते बोलले — "आई पडली रे! घेरी इली तिका!"

आई शेजारी धडधाकट उभी, आ वासून माझ्याकडे बघत. दादा मात्र धडपडत चढला. काठावर आला, आईला बघितलं आणि मला शिव्या घालायला तोंड उघडलं... तेवढ्यात खाली धप्प झालं. खाणीकडची भिंत फुटली आणि लाल पाण्याचा लोंढा आत घुसला. दादा मघाशी खाली उभा होता ती जागा बघता बघता बुडाली. मी त्याला मिठी मारून रडले, आई आम्हा दोघांनाही बदडत होती.

भिंत का फुटली, ते मी फळ्यावर काढून दाखवीन. खड्ड्यातलं पाणी उंचावर, विहीर रिकामी — त्याने वाट काढली. पण मे महिन्यात खड्ड्याचं पाणीही कोमटच असतं. मग तो गारवा कुठला? तो वास? बालदीत पुन्हा हात घातला, तर पाणी कोमट. माझी बोटं मात्र संध्याकाळपर्यंत बधिर होती.

विहीर पुन्हा बांधली. घरची रीत तेवढी बदलली. उतरण्याआधी पाण्याची पहिली बालदी वर ओढली की दादा काठावर थांबतो, दोर कमरेला बांधलेला, आणि मला म्हणतो, "बाय, आधी तू हात घाल."