भानूदादाचा टचपॅड आणि ताम्हिणीचा रस्ता

भानूदादाचा शेवटचा पॅच चुकीचा निघाला. आणि तो घेऊ नका, असं मीच कळवलं.

त्यावरून दादाच्या कोड लिहिणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर मला जे ऐकावं लागलं ते जाऊ दे. आज दादाला जाऊन महिना झाला, म्हणून नीट सांगतो.

दादा मारुंजीतला माझा घरमालक. दिवसा हिंजवडीत नोकरी, घरी आला की ओपन सोर्स कर्नल. म्हणजे कॉम्प्युटरचा असा गाभा, ज्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. सुधारणा पाठवली की तिला पॅच म्हणायचं.

लॅपटॉप मिटल्यावर आतला कोणता भाग बंद करायचा आणि कुणाला पुन्हा जागं करायची मुभा द्यायची, या एका गोष्टीचं त्याला वेड.

"मिटला म्हंजी मिटला. आत कोन जागं हाय, ते कळाया नको व्हय?"

त्याची टेस्ट जगात कुणी करत नसेल. लॅपटॉप मिटून बॅगेत टाकायचा, मला बाईकवर मागे बसवायचं आणि थेट ताम्हिणी घाट. ढाब्यावर उतरलं की बॅगेत हात.

बॅग गार लागली, म्हणजे आत सगळं झोपलेलं, तर चहा, भजी. गरम लागली तर पाणीसुद्धा न पिता माघारी!

मी वैतागायचो. "अरे दादा, टेबलावर चालतंय की."

"टेबलावर तर मीबी पैलवान हाय."

की मी पुन्हा मुकाट बाईकवर मागे.

शेवटचा पॅच टचपॅडच्या ड्रायव्हरचा, म्हणजे टचपॅड चालवणाऱ्या कोडचा. लॅपटॉप झोपला की टचपॅडनंही झोपायचं, पण बोट लागलं की सगळ्यांना उठवायचं. हा त्यानं हॉस्पिटलच्या कॉटवर बसून लिहिला. खाली प्रामाणिकपणे टीप टाकली, रस्त्यावरची चाचणी बाकी आहे.

ती बाकीच राहिली.

पॅच घ्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या बाई परदेशात असतात. दादा गेल्याचं कळवल्यावर त्यांनी फार मायेनं लिहिलं, बदल छोटा आहे, त्यांच्या आठवणीसाठी मी असाच घेते.

ग्रुपवरचे सगळे हो म्हणाले. मलाही रडू आलं.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. गार राहील का?

गेलो. दादाचाच लॅपटॉप, त्यात हा पॅच, दादाचीच बाईक. पौडच्या पुढे रस्ता असा की कंबर वेगळी आणि आपण वेगळे.

ढाब्यावर बॅगेत हात घातला. गरम! पंखा घोंघावतोय.

खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी प्रश्नच पडला. घरी टेबलावर रात्रभर गार होता. मग आता का?

लॉग, म्हणजे लॅपटॉप स्वतःची ठेवतो ती नोंद, बघितला. उठवणारा टचपॅड. पण झाकण बंद असताना टचपॅडला हात लावला कुणी?

पुन्हा झोपवला. मिटला. बाजूला ठेवून बघत बसलो, काही नाही. हलवला, काही नाही. मग झाकणावर अंगठा दाबला. घूंऽऽ! उठला की लेकाचा.

स्क्रीन दबून टचपॅडला टेकत होती. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात बॅग झाकणाला दाबत होती आणि टचपॅडला वाटत होतं, मालकाचं बोट लागलं.

"सापडलं!" असं मोठ्यानं ओरडलो आणि सवयीनं दादाला फोन लावला.

"बोला भावजी."

वहिनी. दादाचा फोन आता त्यांच्याकडे असतो.

एकदम बोलून गेलो, "वहिनी, दादाचा पॅच चुकलाय. हा घेऊ देता येणार नाही."

वहिनींनी विचारलं,

"मंग? त्ये तसंच ऱ्हानार व्हय?"

"दुरुस्त करतो ना. पण मग त्यात माझंही नाव येईल."

"येऊ द्या की. ह्यांनी कुटं एकट्यानं केलंय कायबी? तुमालाच तर न्यायचे मागं बसवून."

ढाब्यावर लोकांदेखत रडलो.

आधी बाईंना कळवलं, हा घेऊ नका. मग झाकण बंद असेल तेव्हा टचपॅडनं कुणाला उठवायचं नाही, एवढीच दुरुस्ती. पुन्हा ताम्हिणी केली. बॅग गार. मग पाठवला.

काल पॅच स्वीकारला गेला. लेखक म्हणून दादाचं नाव, दुरुस्ती करणारा म्हणून माझं.

पळत खाली गेलो. वहिनी भाजी निवडत होत्या.

"वहिनी, घेतला पॅच!"

"आता चूक न्हाई ना त्यात?"

"नाही."

त्या हसल्या. मग निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना कळाया पायजे हुतं."

म्हणून इथे लिहितोय. दादा, तुझा पॅच लागला रे.

मनापासून नमस्कार.