दाढ काढायला पिकअप भरून माणसं

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पायजे. अजून तासभर थांबलो तर मी सांगणारच न्हाय, माझा स्वभाव मला माहीत हाय. कालच दाढ काढलीय, गाल पावासारखा फुगलाय, धड बोलता येत न्हाय म्हणून टाईप करतोय. शुद्धलेखन बघू नका.

तर मी पोलीस भरतीची तयारी करतोय. इंदापुरात अकॅडमी हाय, पहाटे ग्राउंड, मग क्लास, परत संध्याकाळी ग्राउंड. गोळाफेकीत मी आमच्या बॅचमधी पुढं असतो, हे मुद्दाम सांगतोय कारण पुढं जे येणार हाय ते ऐकून तुमी हसणार. खालची दाढ किडली. आधी नुसती ठणकायची, मग सूज, मग कणकण. पळताना पाय टेकला की ठोका थेट डोक्यात. ग्राउंडची परीक्षा तोंडावर आलेली आन् मी गालाला लवंग लावून बसलेलो. सगळी म्हणायची दाखव की, दाखव की. मी म्हणायचो बघू.

खरं कारण भीती. शाळेत असताना दाताच्या डॉक्टरांचं शिबिर आलेलं, तवा माझा दात काढताना वर्गातल्या पोरांनी माझं हातपाय धरलेलं. तवापासनं ती खुर्ची बघितली की माझं तळवं गार पडत्यात. हातात सुई टोचली तर मला काय वाटत न्हाय. तीच सुई तोंडाजवळ आली की मी माझा राहत न्हाय.

तरी एकदा इंदापुरातल्या दाताच्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. त्यांनी खुर्चीत बसवलं, गळ्याला तो कागदी नॅपकिन बांधला, "फक्त बघते हं" म्हणाल्या आन् छोटा आरसा हातात घेतला. एवढंच. मी उठलो, चपला हातात घेतल्या आन् पळालो. पळायची प्रॅक्टिस होतीच. थेट एसटी स्टँडवर येऊन थांबलो तर एक कंडक्टर माझ्याकडं बघून म्हणतो, "काय पाव्हणं, पंगतीतनं उठून आलात व्हय?" नॅपकिन गळ्यातच.

दुसऱ्या दिवशी तो नॅपकिन द्यायला परत गेलो. आता कागदाचा नॅपकिन कोण परत देतं, पण मला कायतरी निमित्त पायजे होतं. मॅडम हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "पळून जाणारे बरेच असतात. नॅपकिन आणून देणारा तू पहिलाच. बस." मग त्यांनीच सांगितलं की बारामतीत एक डॉक्टर हायत, भीती वाटणाऱ्या पेशंटला औषध देऊन काम करत्यात.

मला हे माहीतच नव्हतं की असलं काय असतं. मला वाटायचं एकतर खुर्ची घट्ट धरून सहन करायचं, न्हायतर घरी बसायचं.

बारामतीचे सर शांतपणे बोलले. आधी सूज उतरायला गोळ्या दिल्या. मग म्हणाले, बघा, तीन-चार रस्ते आहेत. एक, नाकावर छोटा मास्क लावून गॅस देतो, तुम्ही जागे असता, नुसतं हलकं वाटतं, मास्क काढला की थोड्या वेळात उतरतं. दुसरं, गोळी, आधी घ्यायची, सुस्ती येते. तिसरं, हाताच्या शिरेतून औषध, भूलतज्ज्ञ शेजारी बसून लक्ष ठेवतात, आम्ही बोललेलं कळतं पण नंतर फारसं आठवत नाही. आन् पूर्ण भूल देऊन झोपवायचं असेल तर ते मोठ्या दवाखान्यात, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

मी इचारलं, "मग हिरडीत सुई नाही ना?"

"ती लागतेच. फक्त तिची भीती तेव्हा वाटणार नाही."

मी शिरेतलं म्हणालो. सर म्हणाले त्या दिवशी उपाशी यायचं, गाडी चालवायची नाही, आणि घरी न्यायला एक जबाबदार माणूस पाहिजे.

एक माणूस. एकच. हितंच सगळं घाण झालं.

घरी काय सांगायचं? भरतीची तयारी करणारा पोरगा दाढंला भितो म्हणून? मी आईला म्हणलं, "आई, दाढंचं ऑपरेशन हाय. बारामतीला. भूल देणार हायत. आबांना न्हायतर कुणाला तरी सोबत यायला लागंल." आबा म्हणजे माझं वडील. ऑपरेशन म्हणलं की बरं वाटलं. ऑपरेशनला कोण भित्रा म्हणत न्हाय. ऑपरेशनला मान असतो.

पण आमच्या कळस गावात ऑपरेशन आन् भूल हे दोन शब्द एकत्र आलं की काय होतं हे मी इसरलो. आईनं बावड्याच्या आत्याला फोन केला. आत्यानं थोरल्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना. तात्यांच्या पोरानं अकॅडमीतल्या माझ्या दोस्ताला. पेशंट कोणबी असू दे, आमच्यात एकट्याला दवाखान्यात सोडत न्हाईत, सोडलं तर भावकीत तोंड दाखवता येत न्हाय.

आबा आन् मी मोटरसायकलवर पुढं गेलो. वेटिंगमधी बसलो न्हाय तोवर बाहेर पिकअप थांबली. ऊस वाहायची पिकअप. तिच्यातनं आई, आत्या, तात्या, दोन चुलत्या, शेजारची एक वहिनी उतरली. आत्याच्या पिशवीत शहाळी, वहिनीच्या हातात बिस्किटाचं पुडं. मागनं अकॅडमीची पोरं, सगळी ट्रॅकसूटमधी. बारकासा दवाखाना, बसायला खुर्च्या पुरंनात. फिलिंगला आलेल्या एका काकू उठून उभ्या राहिल्या आन् आत्याला म्हणाल्या, "बसा ओ तुमी, तुमचा पेशंट जास्त हाय वाटतं."

सर बाहेर आलं. "यांच्यासोबत कोण आहे?"

सगळी उठली.

तात्या पुढं झालं. "डॉक्टरसाहेब, पोराला काय झालंय ते खरं सांगा. आमी ऐकायला खंबीर हाय."

माझा दोस्त बाही वर करत म्हणाला, "सर, रगत लागलं तर आमी सगळी हाय. अंडी खाऊन आलोय."

"रक्त कशाला?"

"ऑपरेशनला."

"ऑपरेशन कुणाचं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. ते सांगू शकत होते, पण म्हणाले, "हे तुम्हीच सांगितलेलं बरं."

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "ऑपरेशन न्हाय. नुसती दाढ काढायचीय. मला भ्या वाटतंय म्हणून औषध देणार हायत."

पोरं हसत सुटली. दोस्त म्हणतो, "साहेब, उद्या चोरानं नुसतं दात दाखवलं तर तुमी पळणार की ओ." आणखी एक म्हणाला, "गोळा तोंडानं फेकायचा असता तर हा नापास." चुलत्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

ते हसणं मी सहन केलं असतं. पण आत्या माझ्याजवळ आली, दोन्ही हातानं तोंड कुरवाळलं आन् म्हणाली, "एवढंच व्हय रं? देव पावला." ती बावड्यापासनं रडत आलेली, डोळं सुजलेलं. तात्यांची ऊसतोड चालू होती, टोळी फडात सोडून आलेलं. ते काय रागावलं न्हाईत, नुसतं म्हणलं, "बरं झालं, कायच न्हाय ते," आन् खाली बसलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. आबा बाहेर जाऊन पिकअपला टेकून उभं राहिलं.

आत गेलो. भूलतज्ज्ञांनी बोटाला चिमटा लावला, हाताच्या शिरेत सुई घातली. मग काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. सर तोंड उघडा म्हणले, मी उघडलं. ती खुर्ची तीच, तो आवाज तोच, पण माझं तळवं गार पडलं न्हाईत. वर दिव्याकडं बघत मला वाटत होतं की हे सगळं कुणाचं तरी दुसऱ्याचं चाललंय. मग सर म्हणले, "झालं." मी इचारलं, "सुरू कधी करणार?"

बाहेर आलो तर सगळी बसलेलीच. ऊस फडात आन् माणसं हितं. सूचना ऐकायला आबा पुढं आलं. मान हलवत एकेक ऐकत होतं. आत्यानं शहाळं फोडून आणलं, आत नळी. आबांनी नळी काढून टाकली. "वढून प्यायचं न्हाय त्यानं, डॉक्टरांनी सांगितलंय." मग ग्लासात ओतून दिलं.

मोटरसायकल दोस्तानं आणली. मला पिकअपमधी पुढं बसवलं, मधी मी, कडंला आबा. भिगवण रोडला लागलो तवा आबा बाहेर बघत म्हणलं, "भ्या वाटतंय म्हणला असतास तरी आलो असतो. मी एकटा आलो असतो. कुणाला कळलंबी नसतं."

तोंडात कापसाचा बोळा, मी नुसती मान हलवली.

आता आजचं. सकाळपासनं माणसं बघायला येत्यात. ज्यांना काल पिकअपमधी जागा मिळाली न्हाय ती. मी आत पडलोय, दार उघडं हाय, सगळं ऐकू येतं. आत्ता शेजारच्या आजी आल्या. "काय गं, दाढंचं ऑपरेशन म्हणं? एवढी माणसं कशाला नेली?"

आन् आई म्हणाली, "व्हय मावशी. लई अवघड होतं. डॉक्टर म्हणलं, पोरगं धीराचं हाय म्हणून निभावलं."

काल माझ्या तोंडून सगळं ऐकलेली माझी आई. तिनं आयुष्यात कुणाला उसन्या साखरंबद्दलबी खोटं सांगितलं न्हाय. ती आत्ता ओसरीवर बसून माझ्यासाठी खोटं बोलतीय, आन् दुपारी कोण आलं तर परत बोलंल, उद्या परत बोलंल.

ही पोस्ट टाकून मी बाहेर जाणार हाय. फुगलेल्या तोंडानं जेवढं बोलता येईल तेवढं आजींना सांगणार हाय. पण त्याआधी मला सांगा, तुमची भीती झाकायला तुमच्या घरातलं कुणी असं खोटं बोललंय का कधी? आन् तुमी दाराआड पडून ऐकत राहिलात का, का उठलात?